हलीमाबीचा गोल गळ

हलीमाबी मासे खात नाही. पन्नास वर्षं गळ टाकून बसलेली बाई, पण मासा तव्यावर पडला की ओढणी नाकाला लावून अंगणात येते. "मले वास नाही सहन होत, भाऊ," म्हणते. मग पकडता कशाला, असं मी एकदा चिडवून विचारलं. त्यावर ती म्हणाली, "तुमी झेंडू लावता, खाता काय?" मी गप्प बसलो. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, हे माझी बायको शकुन कोणालाही सांगेल.

माझं नाव गोवर्धन. मूर्तिजापूरपासून आठ किलोमीटरवर पिंपळझिरा हे माझं गाव. फुलांची शेती आहे आणि तोंड फटकळ आहे. गावात या दोन गोष्टींसाठी मी ओळखला जातो. हलीमाबी मूर्तिजापूरची, स्टेशनमागच्या वस्तीतली. ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल लावते. आमच्या गावातल्या निम्म्या बायका तिच्याकडे कपडे टाकतात आणि कोण किती जाड झालं हे तिला डॉक्टरच्या आधी कळतं.

तिचे वडील छोट्या रेल्वेगाडीवर, आमच्या शकुंतलेवर, खलाशी होते. दोन गाड्यांच्या मधे वेळच वेळ असायचा. पुलाखाली नदीला पाणी होतं आणि मासे होते. सहा वर्षांच्या पोरीला ते सोबत न्यायचे. मुलीच्या जातीनं नदीकाठी काठी घेऊन बसावं यावर मोहल्ल्यात बोलणं झालंच. बाप म्हणाला, पोरगी बसून राहायला शिकते आहे, ते कुठंही कामी येईल. लग्नानंतर नवरा अन्सार तिच्या डोक्यावर छत्री धरून बसायचा. त्याचं सायकलचं दुकान होतं, स्वभाव मऊ होता. तो जाऊन नऊ वर्षं झाली. छत्री ती आता जमिनीत रोवते.

तिची खरी ओळख म्हणजे तिचा झटका. मासा आमिष आधी ओठानं चाचपतो. दोऱ्याला बांधलेलं, पाण्यावर तरंगणारं मोराचं पीस तेव्हा बुडत नाही, नुसतं थरथरतं. त्या थरथरीत मनगट वर उचलायचं. जरा लवकर झालं तर मासा पळतो. जरा उशीर झाला तर तो गळ गिळून बसतो आणि ओढताना आतून फाटतो. हलीमाबीचं मनगट ती वेळ चुकत नसे. आजूबाजूच्या गावांतली माणसं तो झटका बघायला उभी राहत आणि बघून झाल्यावर मासा मागून घेत. तिला तो नकोच असायचा.

आता आमच्या तळ्याचं सांगतो. गावाला लागून पीरबाबाचा दर्गा आहे आणि दर्ग्याच्या पायरीशी तळं. घरातलं कोणी जिवावरच्या दुखण्यातून उठलं किंवा कोणी धोक्याच्या कामाला निघालं की त्याच्या नावानं बोटाएवढा मासा आणून त्या तळ्यात सोडायचा. हिंदू असो की मुसलमान, रीत एकच. मासा जगला की माणूस जगतो. तळ्यातला मासा कोणी खात नाही, तिथं गळ टाकला तर लोक हात तोडतील. दर गुरुवारी पायरीवरून फुटाणे टाकतात आणि हे मोठे मोठे रोहू, कतले तोंड उघडून वर येतात. प्रत्येकाला वाटतं, तो पुढचा आपला. मी मनातल्या मनात हसायचो.

पण यंदा तळ्यात पाण्यापेक्षा गाळ जास्त झाला. गाळ काढायची मंजुरी आली आणि होळीनंतर मशीन चालणार हे पक्कं झालं. त्याआधी पाणी उपसायचं होतं, आणि पाणी उपसलं तर मासे कुठं ठेवायचे? माझ्याकडं शेततळं आहे, तळाशी प्लास्टिक अंथरलेलं, बारा महिने भरलेलं. मी म्हणालो, ठेवा माझ्याकडं, पावसाळ्यात परत न्या. मोठेपणा सांगत नाही, त्या दिवशी जरा जोशात बोललो होतो. नंतर ठिबकच्या गाळण्या माशांच्या घाणीनं रोज तुंबायला लागल्या तेव्हा माझा जोश उतरला.

ठेवायची सोय झाली, पण काढायचे कसे? लहान मासे मच्छरदाणीत आले. मोठे साठेक होते आणि ते तळाशी बुडालेल्या बाभळीच्या खुंटांत शिरून बसत. जाळं टाकलं ते पहिल्याच दिवशी फाटलं. पाणी अगदी खाली जाईपर्यंत थांबलं असतं तर उन्हानं आणि चिखलानं ते गुदमरले असते. तळ्याच्या समितीचा अध्यक्ष देवमन दोन दिवस डोकं धरून बसला आणि मग म्हणाला, "गळानंच काढा लागते. अन् ते एकच बाई करू शकते."

म्हणजे जिथं गळ टाकायची बंदी, तिथंच गळ टाकायला हलीमाबीला बोलावणं गेलं. ती लगेच हो म्हणाली नाही. त्या तळ्यात तिचाही एक मासा होता. तिचा मुलगा फरदीन सहा वर्षांपूर्वी रत्नागिरीला बोटींच्या इंजिनाच्या कामाला गेला. पोराला पोहता येत नाही. आमच्या भागात पोहायला शिकायचं म्हटलं तर पाणी कुठं आहे? तो निघाला त्या दिवशी हलीमाबीनं त्याच्या नावानं मासा सोडला होता.

पहिल्या दिवशी सकाळी ती पायरीवर बसली, मी शेजारी ड्रम घेऊन. दोन तासांत पाच मासे ओठात गळ अडकून वर आले आणि पाचही ड्रममध्ये गेले. सहाव्या वेळी ती चहाची थर्मास आणायला दर्ग्याच्या ओट्यावर गेली. काठी माझ्याजवळ. पीस थरथरलं. मी तिला हाक मारली. तिनं वळेपर्यंत पीस बुडालं, आणि मी काठी उचलून जोरात झटका मारला. तिचा झटका बघून बघून मला वाटत होतं, यात काय मोठं आहे.

मासा आला, पण गळ दिसत नव्हता. पार आत गेला होता. कल्ल्यांतून रक्त यायला लागलं. हलीमाबी धावत आली, तिनं तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, जवळून कापला, माशाला पाण्यात धरून पुढं-मागं हलवलं. पाच मिनिटांत तो उलटा झाला आणि पोट वर करून राहिला.

तेवढ्यात लोक जमले. देवमननं विचारलं, "कोनाच्या हातून झालं?"

मी काठी पायरीवर ठेवली. हलीमाबी म्हणाली, "माह्या हातून."

सगळे गेल्यावर मी तिला म्हणालो, "असं काहून सांगतलं तुमी?"

"मंग काय सांगू? ज्याच्या हातून मासा मेला त्याच्या शेतात हे लोक आपले मासे ठेवतीन काय? दुसरं तळं हाये कोनाजवळ?" ती काठीचा दोरा गुंडाळत होती. "मी आज हाये, उद्या मूर्तिजापूरले जाईन. तुमाले इथंच राहाचं हाये."

तिचं म्हणणं बरोबर होतं. पण मी गप्प राहिलो ते त्या कारणानं नाही, हे इथं सांगून टाकतो. मी गप्प राहिलो कारण मला सुटल्यासारखं वाटलं. गावात सगळ्यांच्या चुका तोंडावर सांगणारा मी, आणि माझी पाळी आली तेव्हा एका बाईच्या ओढणीआड लपलो. शकुनलासुद्धा मी ते सांगितलं नाही.

मेलेल्या माशाचा वरचा पर फाटका होता. मैनाबाईनं तो बघितला आणि मटकन खालीच बसली. माझ्या मळ्यात फुलं तोडायला येणारी ही बाई. तिचा मुलगा चंदन नांदगाव पेठेला कापडाच्या युनिटमध्ये आहे. बारा वर्षांपूर्वी त्याला साप चावला होता, त्यातून तो वाचला आणि तिनं त्याच्या नावानं मासा सोडला. तो फाटक्या पराचा तोच, असं ती दर गुरुवारी सांगायची. तिनं त्याच दिवशी फोन करून चंदनला सुट्टी टाकायला लावली आणि घरी आणून बसवलं. चोवीस वर्षांचा तगडा पोरगा ओसरीवर मोबाइल बघत बसून राहिला. युनिटमधून फोन आले तरी ती त्याला सोडेना. शिवायला दिलेले ब्लाउज तिनं तसेच परत मागवले आणि गावभर सांगितलं, "त्या बाईनं माह्या पोराच्या नावाचा मासा मारला."

हलीमाबीनं त्या दुपारी फरदीनला फोन लावला. मी तिथंच होतो. तिनं फक्त विचारलं, "खाना खाया क्या?" त्यानं हो म्हटल्यावर दुसऱ्यांदा तेच विचारलं.

मग तिनं ठरवलं, की जुना गळ या तळ्यात पुन्हा टाकायचा नाही. मी म्हणालो, तुमचा हात तर चुकत नाही. ती म्हणाली, "दहात एखादा माह्या हातूनही गिळतेच. नदीत चालते. इथं तो दहावा कोनाचा हाये, मले काय मालूम?"

फरदीनला तिनं सगळं सांगितलं, फक्त काठी कोणाच्या हातात होती ते सोडून. तो जिथं काम करतो तिथल्या बोटींवर हौशी लोक येतात, समुद्रात मोठा मासा पकडतात, फोटो काढतात आणि सोडून देतात. मला हे ऐकून हसू आलं. जेवायला बोलवायचं आणि तोंडाशी आलेलं ताट काढून घ्यायचं, असला हा पाहुणचार. पण फरदीन फोनवर म्हणाला, "काका, सोडलेला मासा वाचला पाह्यजे ना, म्हनून त्याहीचा गळ येगळा हाये. गोल. मी पाठवतो."

कुरियरनं डबी आली. पाच जातींचे गळ, प्रत्येकाचे चार-चार नग. आकारानं आपल्या गळापेक्षा वेगळेच. टोक सरळ वर न जाता आत, दांड्याकडं वळलेलं, पोपटाच्या चोचीसारखं. मी बोट लावून बघितलं, टोचतच नव्हतं. "हा बोथट माल तुमच्या पोरानं फसून घेतला," मी म्हणालो. हलीमाबीनं फोन शिलाई मशीनच्या पाट्यावर उभा केला आणि फरदीननं समजावलं. माशानं हा गळ गिळला तरी टोक आत वळलेलं असल्यामुळं घशात रुतत नाही. दोरा हळूहळू ताणला की गळ घसरत बाहेर येतो आणि ओठाच्या कोपऱ्याशी आला की तिथं वळून बसतो. सगळं काम गळच करतो. माणसानं फक्त मधे यायचं नाही.

निवड मात्र तिनं केली. पहिल्यांदा एकेक गळ पाट्यावर आडवा ठेवला. दोन गळ डुगडुगले. त्यांचं टोक जरा बाजूला पिळलेलं होतं. "असा तिरपा आत कुठंही अटकते," म्हणून ते बाजूला गेले. तिसरा स्टीलचा, चकचकीत, मला तोच आवडला होता. फरदीननं डोकं हलवलं. दोरा तुटला तर तो गळ माशाच्या तोंडात जन्मभर राहतो. साधा लोखंडी असला तर खाऱ्या पाण्यात लवकर गंजतो आणि गळून पडतो. आमचं पाणी गोडं, इथं गंज उशिरा चढणार. हलीमाबीनं थोडा विचार केला, पक्कड घेतली आणि साध्या गळाचा टोकाजवळचा उलटा काटाच दाबून सपाट केला. आता गंज चढो न चढो, गळ मागं सरकू शकत होता. उरलेल्या दोघांत एक जाड होता, समुद्रातल्या दांडग्या माशांसाठी. रोहूचा ओठ नाजूक. तिनं जाड तारेचा गळ हातात तोलला आणि म्हणाली, "ही पोत्याची सुई झाली. आपल्याले मलमलची पाह्यजे." पातळ तारेचा, टोक आणि दांडा यांच्यात करंगळी जाईल एवढी फट असलेला गळ ठरला.

ठरला खरा, पण दोन दिवस एक मासा हाती लागला नाही. आमच्याकडं कणकेचा गोळा गळावर असा थापतात, की गळ दिसताच कामा नये. दिसला तर मासा येत नाही, हे आजोबांपासून ऐकत आलेलं. हलीमाबीनंही तसाच थापला. फट बुजली आणि गळाला वळायला जागाच राहिली नाही. त्यात तिचं मनगट. पीस थरथरलं की ते आपोआप वर जायचं आणि गोल गळ माशाच्या तोंडातून जसा गेला तसा बाहेर यायचा. फरदीन व्हिडिओ कॉलवरून ओरडायचा, "अम्मी, झटका मत मारो!" आणि ती कपाळाला हात लावायची. बापानं शिकवलेली, पन्नास वर्षं टाळ्या मिळवलेली गोष्ट सोडायची होती. तिसऱ्या दिवशी तिनं काठी खाली ठेवली आणि मला पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं. "भाऊ, हे हात माहं ऐकतच नाही," ती म्हणाली. मला तेव्हा फार वाईट वाटलं. सगळं माझ्या एका झटक्यामुळं सुरू झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ती शिलाईची पिशवी घेऊनच आली. फुटाणे रात्रभर भिजवलेले होते. तिनं बटनाचा जाड धागा घेतला, सुईनं फुटाण्यातून ओवला आणि गळाच्या दांड्याला असा बांधला, की फुटाणा गळाखाली जरासा लोंबत राहील, जसा कोटाच्या बटनाला खाली धाग्याचा देठ ठेवतात. गळ पूर्ण उघडा. मी म्हणालो, मासे काय आंधळे आहेत? ती म्हणाली, "त्याहीले फुटाणा मालूम हाये, गळ कुठं मालूम हाये? इथं आपल्या आधी कोनी कधी टाकलाच नाही."

मग तिनं काठी बेचक्याच्या खुंटावर टेकवली, पिशवीतून एक साडी काढली आणि फॉल लावायला बसली. उजव्या हातात सुई, डाव्या हातात काठ. पीस थरथरलं. तिचं मनगट उठलं, पण हातात सुई, सुईत धागा, धागा साडीत. टाका पुरा केल्याशिवाय हात सुटेना. टाका पुरा झाला, सुई काठात खोचली, तोवर पीस बुडालं होतं, तंगूस सरळ झाला होता आणि काठी आपोआप वाकली होती. तिनं ती नुसती उचलली. चार किलोचा रोहू, गळ ओठाच्या कोपऱ्यात, रक्ताचा थेंब नाही. बोटानं मागं सरकवला तसा निघाला.

पुढचे पंधरा दिवस तेच चाललं. ती फॉल लावायची आणि मासे यायचे. जुनी सुती साडी भिजवून आम्ही तिची झोळी केली होती. कोरडा हात माशाला लावायचा नाही, त्याच्या अंगावरचा बुळबुळीतपणा जातो म्हणून हलीमाबी हातावर सारखं पाणी घ्यायची. ड्रममध्ये तळ्याचंच पाणी. माझ्या शेततळ्याशी आलं की त्यात माझं पाणी थोडं थोडं मिसळायचं, अर्ध्या तासानं मासा सोडायचा. ती त्याला शेपटीशी धरून ठेवायची आणि त्यानं स्वतः जोर केला की मगच बोटं उघडायची. एकही मेला नाही. मी मोजत होतो, अठ्ठावन्न झाले.

गावात तिचं कौतुक सुरू झालं, पण शेवटी सगळे म्हणायचे, "एक सोडला तर." मैनाबाई समोरून आली तर तोंड फिरवायची. चंदन ओसरीवरच होता. मी रोज सकाळी ठरवायचो, की आज सांगून टाकू, आणि रोज एखादं कारण सापडायचं. अजून मासे राहिलेत. अजून माझं तळं लागणार आहे. एवढी कारणं मला शेतीच्या कामात कधी सापडली नव्हती.

होळीच्या आदल्या दिवशी पाणी मांडीएवढं उरलं. मशीन काठावर येऊन उभं होतं. एकच मोठा मासा राहिला होता, मधल्या खुंटाखाली. सगळं गाव काठावर आलं. देवमननं माझ्याच मळ्यातल्या झेंडूचा हार माझ्याच गळ्यात घातला आणि बोलायला उभा राहिला. "गोवर्धनभाऊनं तळं देल्लं म्हनून आपले मासे वाचले. हलीमाबीनंही मेहनत घेतली. तिच्या हातून एक गेला, पन ते आता कोनी मनात ठेवू नका."

मैनाबाई चहा वाटत होती. हलीमाबीसमोर आली तेव्हा हलीमाबीनं हात पुढं केला. मैनाबाईनं तो कप पलीकडच्या माणसाला दिला आणि पुढं गेली. हलीमाबीनं हात मागं घेतला, सुई उचलली आणि टाका घालू लागली.

मला ते बघवलं नाही. मी हार काढून पायरीवर ठेवला आणि म्हणालो, "तो मासा माह्या हातून गेला. काठी तिची होती, हात माहा होता. झटका मी मारला."

मग देवमन म्हणाला, "तवा काहून नाही सांगतलं?"

"भेलो," मी म्हणालो.

मैनाबाईनं किटली खाली ठेवली. शकुन माझ्याकडं बघत होती, आणि त्या नजरेचा हिशेब घरी होणार हे मला कळलं. हलीमाबी मात्र चिडली. "कोनी विचारलं होतं तुमाले?" ती म्हणाली. "एक दिवस थांबले असते तर काय झालं असतं?" मग तिनं सुई खोचली, काठी उचलून माझ्यासमोर धरली. "एक राह्यला हाये. बसा. बोलून मोकळे झाले, आता गप्प बसून दाखवा."

"माह्या हातानं नोको," मी म्हणालो. खरंच नको होतं. सगळं गाव बघत होतं.

"तुमच्याच हातानं. फॉल तर तुमाले लावता येत नाही. हात मांडीखाली घ्या."

साठी उलटलेला माणूस मी, शाळेतल्या पोरासारखा उजवा हात मांडीखाली दाबून बसलो. काठी बेचक्यावर. फुटाणा खुंटाजवळ पडला. बराच वेळ काही नाही. मग पीस थरथरलं आणि माझं सगळं अंग वर उठायला लागलं. हात मांडीखालून निसटू बघत होता. हलीमाबी कानाशी हळू म्हणाली, "राहू द्या." पीस बुडालं. "राहू द्या." तंगूस सरळ झाला, काठी वाकायला लागली, मी ओठ चावून धरला. काठीचं टोक पाण्याला टेकलं.

"आता उचला. वढू नका, उचला."

मी उचललं. पलीकडं जड, जिवंत ओढ होती. ती माझ्या खांद्यापर्यंत आली. मी दमानं, हलीमाबी सांगेल तसा, काठ धरून मागं सरकत गेलो. पाण्यावर एक मोठा जुना कतला आला, डोकं वितीएवढं. गळ ओठाच्या कोपऱ्यात होता.

झोळी धरायला दुसरं कोणी पाहिजे होतं. मैनाबाई लुगडं खोचून पाण्यात उतरली आणि तिनं भिजलेल्या साडीचं एक टोक धरलं. दुसरं हलीमाबीनं. दोघींच्या मधे तो मासा कल्ले उघडत, मिटत पडला होता. हलीमाबीनं बोटानं गळ मागं सरकवून काढला. मैनाबाई माशाकडंच बघत होती. महिन्याभरात पहिल्यांदा ती हलीमाबीशी बोलली.

"हलीमाबी, हा माह्या चंदनचा समजू काय?"

फरदीनचा कोणता, हे हलीमाबीला त्या अठ्ठावन्न माशांत कळलं नव्हतं. हाही तोच असू शकत होता. तिनं माशाच्या पाठीवर ओंजळभर पाणी घातलं.

"चंदनचाच हाये," ती म्हणाली.

मैनाबाईनं मासा ड्रममध्ये जाईपर्यंत झोळी सोडली नाही. मग ओल्या हातानंच फोन काढला आणि पोराला सांगितलं, की उद्यापासून कामावर जा.